दिंद्रुडला दिसलेला हिरवा सूर्य

मला सूर्य बघायची सवय लागली ती रात्रपाळीमुळे. अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागात मी सिस्टर. आकाशाची आवड लहानपणापासूनची, पण तारे असतात तेव्हा मी वॉर्डात. सकाळी सुटून घरी यायचं, चहा टाकायचा आणि कप घेऊन गच्चीवर जायचं. त्या वेळी बघण्यासारखं एकच काही असतं. म्हणून एक जुनी दुर्बीण विकत घेतली. तीन फुटांची पांढरी नळी, पुढे चहाच्या बशीपेक्षा लहान भिंग, लाकडी तिवई आणि सगळं बसवायला स्पंजचे खळगे केलेलं खोकं.

त्या खोक्यात, डोळा लावायच्या भिंगांच्या शेजारी, पितळी कड्यात बसवलेली एक काळी काच होती. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. ती डोळ्याकडच्या भिंगाला खालून फिरवून बसवायची की सूर्य बघता येतो, असं विकणाऱ्यानं सांगितलं. मी दोन-तीन महिने तशीच बघत होते. सूर्य हिरवा दिसायचा, कच्च्या लिंबासारखा. मग फोनवर ओळख झालेल्या एका जुन्या निरीक्षकानं मला अक्षरशः रागावून सांगितलं, "बाई, ती काच आजच्या आज फोडा. पुढचं भिंग सगळं ऊन गोळा करून नेमकं त्या काचेवर टाकतं. ती तापते आणि एक दिवस तडकते. तडकली की त्या क्षणी तुमचा डोळा तिथंच असतो." त्यानं चांदीसारखा चकचकीत कागद पाठवला, नळीच्या तोंडावर, म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच बसवायचा. त्यातून सूर्य पांढरा दिसतो आणि डाग शाईनं काढल्यासारखे.

काच मी फोडली नाही. परत खळग्यात ठेवून दिली.

पाच-सहा वर्षं रोज सकाळी एक वर्तुळ काढायचं आणि त्यात डाग मांडायचे हा माझा नेम झाला. वाटीचं झाकण ठेवून वर्तुळ. दुर्बीण सूर्याकडे वळवताना नळीतून बघायचं नाही, जमिनीवर नळीची सावली बघायची. सावली सगळ्यांत आखूड झाली की सूर्य समोर आला. सूर्य हळूहळू दृश्यातून सरकत जातो, तो परत आणायचा. डाग पूर्वेच्या कडेला उगवतो, तेरा-चौदा दिवसांत सगळी थाळी ओलांडून पश्चिमेच्या कडेला नाहीसा होतो. काळं बी आणि भोवती करडी झालर.

आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारे एक भाऊ होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, दिंद्रुडचे, घरी बरी शेती. ते मला सिस्टरच म्हणायचे, मी भाऊ. एकदा गच्चीवर येऊन त्यांनी सूर्य बघितला आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग म्हणाले, "आयुष्यभर माणसाच्या आतलं बघितलं, सिस्टर. ह्येच्या आतबी काळंच हाय की."

ते निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा मी नवी, मोठी दुर्बीण घेतली होती. जुनी त्यांना द्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी खोकं पुसताना काळी काच हातात आली. ती काढून घ्यावी असं मनात आलंही. पण तेवढा एक खळगा रिकामा दिसला असता. भेट द्यायची आणि त्यात काहीतरी कमी, हे मला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर एवढंच कारण होतं. निरोपाच्या कार्यक्रमात, फरसाणाच्या प्लेटा फिरत असताना मी त्यांना म्हणाले, "हा चांदीचा कागद लावल्याशिवाय बघायचं नाही. आणि ही काळी काच वापरायची नाही हं." ते हसून म्हणाले, "बरं बरं." तेवढ्यात कुणीतरी त्यांना हार घालायला बोलावलं. त्यानंतर त्या काचेचा विषय मी कधीच काढला नाही.

दोन वर्षं छान गेली. त्यांच्या वाड्याच्या मागं मोठं मोकळं अंगण होतं, तिथं ते दुर्बीण मांडायचे. सकाळी नऊच्या सुमाराला फोन यायचा. "किती घावले?" मी म्हणायचे, चार गट. ते म्हणायचे, "मला तीनच. चौथा कुठं हाय?" मग मी सांगायचे, उजव्या कडेला, बारीक, तिळाएवढा. ते फोन चालू ठेवूनच परत बघायला जायचे. सूर्यावर तेव्हा डागांचे दिवस होते. एकही सकाळ कोरी जात नव्हती.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास त्यांचे आकडे माझ्याशी जुळेनासे झाले. बारीक डाग त्यांना दिसतच नव्हते. "मोतीबिंदू असंल," म्हणाले. "दाखवायला या," मी म्हणाले. "येतो की." आले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "एक मोठा डाग हाय बघा, मधोमध." माझ्या वर्तुळात मधोमध काहीच नव्हतं. मला वाटलं, त्यांनी कालचं चित्र बघून सांगितलं. आठ दिवसांनी परत तेच. "त्यो मधला हायच आजून." मी हसले. म्हटलं, "भाऊ, डाग जागा सोडतो. आठ दिवसांत तो कडेला जायला पाहिजे." ते म्हणाले, "ह्यो जात न्हाई. लई हट्टी हाय."

डोळ्यांच्या विभागात मी बारा वर्षं काढली. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून आलेली माणसं बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. सगळी एकच वाक्य बोलतात: जिकडं बघतो तिकडं मधोमध काळा ठिपका. तरी त्या दिवशी मी हसले आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसले.

दसरा झाला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची निघायची घाई सुरू झाली. भाऊंचा चुलत भाऊ मुकादम होता, टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा. माणसं गोळा व्हायची ती भाऊंच्याच अंगणात, कारण ट्रक तिथपर्यंत यायचा. त्या दिवशी सकाळी दहाला भाऊंचा फोन आला. मागं पोरांचा, भांड्यांचा, शेळ्यांचा कालवा.

"सिस्टर, आज आपल्याकडं जत्रा हाय. गाड्या यायला टाइम हाय, म्हणलं बसून काय करता, सूर्य बघा. ओळ लावलीय. वीस-पंचवीस माणसं बघून झाली, आजून तेवढीच हायेत."

"वा," मी म्हणाले. "काय म्हणतात?"

"बाया तर हटंनात. म्हणतेत, एवढा हिरवागार कावून?"

माझ्या हातातला कप मी कट्ट्यावर ठेवला.

"भाऊ, हिरवा? पांढरा नाही?"

"न्हाई, हिरवाच. लई दिवस झाले. त्यो कागद उंदरानं खाल्ला. मग मी ती काच लावली. मस्त चालतीय."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बंद करा, झाका, कुणाला बघू देऊ नका, असंच काही असणार. पलीकडून "हॅलो, हॅलो, आवाज न्हाई" ऐकू आलं, मग ट्रकचा हॉर्न आणि फोन बंद. त्यानंतर मी अकरा वेळा लावला. रिंग जायची, कुणी उचलायचं नाही.

मी पर्समध्ये तपासणीचा तक्ता टाकला. बारीक चौकटींचा कागद असतो, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली असेल तर मधल्या रेघा वाकड्या दिसतात किंवा गायब होतात. एसटीनं धारूरवरून तेलगाव गाठलं. घाटात गाडी उतरत होती आणि ऊन वाढत होतं. आकाशात ढगाचा एक तुकडा नव्हता. निरभ्र आकाशाची भीती वाटावी असं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं. तेलगावहून जीप केली. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, कुणी वारलंय का?" मी नाही म्हणाले, पण मान हलली ती हो म्हटल्यासारखी.

पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. एक ट्रक गेला होता. दुसऱ्यात पेट्या, गोधड्या, चुलीच्या सळया चढवणं चाललं होतं. अंगणाच्या मधोमध दुर्बीण उभी होती आणि तिच्यावर एक तिशीतली बाई वाकली होती. भाऊ शेजारी उभे राहून सांगत होते, "डाग घावंस्तोवर बघ. घाई करू नको."

मी धावत जाऊन नळीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"थांबा ओ बाई," ती न वळताच म्हणाली. "आता कुठं घावत होता."

"मागं व्हा," मी म्हणाले.

भाऊ गोंधळले. "सिस्टर? तुमी कशा काय?"

डोळ्याकडचं भिंग काढताना मला पदर धरावा लागला, इतकं ते तापलं होतं. काळी काच फिरवून बाहेर काढली आणि उन्हात धरली. एका कडेपासून मध्यापर्यंत केसासारखी रेघ होती. त्या रेघेतून ऊन थेट माझ्या तळहातावर पडलं, पांढरं, सुईच्या टोकाएवढं.

"ही चीर कधीची?" मी विचारलं.

भाऊंनी काच उजव्या डोळ्याजवळ नेली, लांब नेली. "चीर हाय?" म्हणाले. त्यांना ती दिसत नव्हती.

भोवती माणसं जमली. मुकादम हसून म्हणाला, "काय बाई, एवढं काय झालं? सूर्य तर आमी रोजच बघतो."  काच न लावता भिंग परत बसवलं, जमिनीवर पडलेलं एक सुकं पान उचललं आणि डोळा ठेवतात तिथं धरलं. तीन मोजेपर्यंत पानातून धूर निघाला आणि मधोमध भोक पडलं.  एका म्हाताऱ्यानं आपला उजवा डोळा हातानं झाकला.

"ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी इथं थांबा," मी म्हणाले. "मी एकेकाला तपासते. दोन मिनिटांचं काम आहे."

पण तोवर ड्रायव्हरनं हॉर्न धरला होता. मुकादम म्हणाला, आज रात्रीच्या आत कारखान्यावर पोचायचंय, उसाचे फड वाटून झाल्यावर गेलं तर काही खरं नाही. माणसं चढायला लागली. सात-आठ जणांना मी घाईघाईनं तक्ता दाखवला. त्यांना रेघा सरळ दिसत होत्या. ती बाई एक पाय चाकावर ठेवून वर चढत होती. मी तिचा हात धरला.

"डोळ्यापुढं काही दिसतंय का?"

"हिरवं-हिरवं नाचतंय. जाईल की."

"उतरा तुम्ही. माझ्याबरोबर अंबाजोगाईला चला, उद्या मी स्वतः तुम्हाला कारखान्यावर पोचवते."

तिनं वर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मुकादमाकडे. मुकादम म्हणाला, "एकटा गडी फडात काय करणार?" मी एका जुन्या चिठ्ठीवर माझा नंबर लिहून तिच्या हातात दिला. तिनं ती पोलक्यात खोचली. ट्रक निघाला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. मी तिला आणखी जोरात ओढायला हवं होतं, चाकापुढं आडवं पडायला हवं होतं, हे सगळं नंतर सुचलं.

भाऊंना ओसरीवर बसवून डावा डोळा झाकायला लावला आणि तक्ता समोर धरला.

"मधला ठिपका दिसतोय?"

ते तक्त्याकडे झुकले. मग म्हणाले, "कोणता ठिपका?"

पोळ्यापासून त्यांच्या उजव्या डोळ्यापुढं तो डाग होता. पेपरात, भाकरीवर, बायकोच्या तोंडावर, सगळीकडं. दोन्ही डोळे उघडे असले की कळत नसे. मग ते डाव्या डोळ्यानं सूर्य बघायला लागले होते. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी दुर्बीण परत नेली असती," ते म्हणाले. "मला दिवसभर दुसरं काय हाय, सिस्टर?"

वहिनी आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्यापुढं हात करून म्हणाल्या, "ती काच द्या." मी काच दिली. त्यांनी ती पायरीवर ठेवली आणि वरवंट्यानं फोडली. कड्यासकट ठेचली. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुमीच दिलती न्हवं ही?"

"हो," मी म्हणाले. "मीच दिली."

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी भाऊंचे डोळे तपासले. उजव्या पडद्यावर अगदी मधोमध भाजल्याची खूण होती. औषध नाही. महिन्यांनी थोडं भरून येतं, नाही तर येत नाही. डावा शाबूत होता.

त्या हिवाळ्यात फोन वाजला की मी आधी वही उघडायचे. फोन भाऊंचा असायचा. आठवून आठवून ते नावं सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. सूर्य मी काढत नव्हते. गच्चीवर जायची इच्छा मेली होती. एकेका नावापुढं गाव, कोणत्या ट्रकात होता, कोणता कारखाना. मुकादमाला फोन करून विचारलं की तो म्हणायचा, "सगळे ठीक हायेत, बाई. तुमी उगं घोर लावून घेताय." पौषात एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाला, "एकीचं बोट तुटलं कोयत्यानं, पण त्ये चालायचंच." कोण, ते त्याला आठवत नव्हतं.

पाडव्यानंतर कारखान्यांचं गाळप संपलं आणि टोळ्या परतल्या. मी चार दिवस रजा टाकली. तोवर भाऊंना कडेकडेच्या चौकटी दिसायला लागल्या होत्या, मधला भाग नव्हता. आम्ही दोघं घरोघर फिरलो. मी तक्ता धरायचे, भाऊ नावापुढं खूण करायचे. माणसं ठीक होती. एकामागून एक ठीक निघत गेली, आणि मला वाटायला लागलं की सुटले.

ती बाई गावाच्या खालच्या अंगाला, पत्र्याच्या घरात राहत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. तांब्या पुढं केला तेव्हा डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची दोन पेरं नव्हती.

"कसं झालं?" मी विचारलं, जरी कळलं होतं.

"ऊस धरला आन् कोयता मारला. अंतरच कळंना." तिनं उजव्या डोळ्यापुढं हात फिरवला. "ह्या डोळ्यात उसाचं पातं लागलं आसंल म्हणून हळद-दूध घातलं. पण इथं मधी कोळ्याचं जाळं झालंया, त्ये जाईना."

"माझ्या नंबरवर फोन का नाही केला?"

"चिठ्ठी भिजली पयल्याच आठवड्यात."

तक्ता दाखवायची गरज नव्हती, तरी दाखवला. मग मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काच माझी होती. ती वापरायची नाही हे मला माहीत होतं. फोडायला सांगितलं होतं, मी फोडली नाही. भाऊ मध्येच म्हणाले, "मी लावली, सिस्टर. तुमी न्हाई." तिनं आम्हा दोघांकडे बघितलं. शिव्या देईल, रडेल असं वाटलं होतं.

"दुसरा ऱ्हातो ना पण?" तिनं विचारलं.

"राहतो."

"मग बास." थोड्या वेळानं म्हणाली, "पण मला त्यो डाग घावलाच न्हाई बघा. सगळ्यास्नी घावला, मला न्हाई."

तिला मी अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी भाऊंना सांगितलं तेच तिला सांगितलं. पुढच्या हंगामात ती गेली, पण तोडायला नाही. नवरा तोडायचा, ती मोळ्या बांधायची. भाऊंनी दुर्बीण मला परत आणून दिली. वहिनी माझ्याशी बोलतात, पण जेवायला थांबा असं म्हणत नाहीत.

यादीत नऊ नावं अजून तशीच आहेत. पहिल्या ट्रकातली, मुकादमाच्या सासुरवाडीकडची, शिरूर कासार तालुक्यातली माणसं. ती सकाळीच बघून गेली होती. ती परत आली तेव्हा मला कळलं नाही आणि कळलं तेव्हा काही वीटभट्टीवर गेली होती. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला सुट्टी मिळाली तशी मी तक्ता घेऊन तिकडे गेले. वस्ती शोधायला दुपार झाली. दहा-बारा घरं, सगळ्या दारांना कुलपं. एका दारात एक म्हातारी शेळीला पाला घालत होती. मी नावं वाचून दाखवली. चार नावांना तिनं मान हलवली.

"परवाच गाडी गेली," ती म्हणाली. "कर्नाटकात का कुठं."

"यांच्यापैकी कुणाच्या डोळ्याला काही त्रास होता का?"

तिनं विचार केला. "थोरली सून सुईत दोरा घालाया माझ्याकडं यायची," ती म्हणाली. "मीच म्हातारी, आन् ती माझ्याकडं यायची."